‘पिक्चर ट्यूब उडेल!’

‘आम्हीसुद्धा लहानपणी व्हिडिओ गेम खेळायचो, मॅडम. आमचे काय बिघडले?’

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अलीकडे महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. विचारणारे बहुधा पस्तीस ते पंचेचाळीस या वयाचे वडील असतात. शेजारी मान खाली घातलेला मुलगा आणि पलीकडे काळजीत पडलेली आई. या प्रश्नात थोडा बचाव असतो, पण थोडी प्रामाणिक शंकाही असते, म्हणून तो उडवून लावण्यासारखा नाही. या वडिलांपैकी कित्येकांना मी ते स्वतः शाळकरी असताना तपासलेले आहे. ज्या यंत्रावर ते खेळले, त्याचा आमच्या वस्तीतील उदय आणि अस्तही मी दवाखान्याच्या दारातून पाहिला आहे. त्यांचे खरोखरच फारसे काही बिघडले नाही. ते का बिघडले नाही, याचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही.

त्या यंत्राची कुळकथा थोडक्यात सांगते. घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याच्या खेळांची पहिली मोठी लाट अमेरिकेत ‘अटारी’ या कंपनीने आणली. तिचे ‘२६००’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र १९७७ मध्ये बाजारात आले. पाच-सहा वर्षांत सुमार खेळांचा असा पूर आला, की ग्राहकाचा विश्वासच उडाला. एका गाजलेल्या चित्रपटावरून पाच-सहा आठवड्यांत घाईघाईने बनवलेला खेळ इतका पडून राहिला, की १९८३ मध्ये न विकलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो या गावाजवळच्या कचराभूमीत पुरण्यात आला. २०१४ मध्ये तो उकरून काढला, तेव्हा ती दंतकथा नव्हती हे सिद्ध झाले. अमेरिकेत ही पडझड चालू असतानाच, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमधील निन्टेंडो या कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे यंत्र विक्रीस आणले. क्योतो शहरातील ही कंपनी मूळची खेळायचे पत्ते छापणारी. तिची स्थापना १८८९ सालची. यंत्राचे अभियंते होते मासायुकी उएमुरा. ‘फॅमिकॉम’ म्हणजे ‘फॅमिली कॉम्प्युटर’. नावातच कुटुंब होते, हे लक्षात ठेवावे. यंत्राची मुख्य स्मृती अवघी दोन किलोबाइटची आणि ‘सुपर मारिओ’ हा जगप्रसिद्ध खेळ चाळीस किलोबाइटचा. आज भ्रमणध्वनीवर येणारे ‘शुभ सकाळ’चे एखादे चित्रदेखील त्याहून जड असते. एवढ्याशा सामग्रीवर हे यंत्र जगभर सहा कोटींहून अधिक विकले गेले.

आमच्याकडे मात्र ते मूळ रूपात क्वचितच आले. आले ते त्याच्या असंख्य प्रतिकृतींच्या रूपाने. रशियात अशीच एक प्रतिकृती ‘डेंडी’ या नावाने घरोघरी पोहोचली होती. आपल्याकडे ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ ही नावे त्या पिढीच्या ओठांवर होती. आणि प्रतिकृतींचे म्हणाल, तर आमच्या गावाला त्यात नवल ते काय! फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत आश्रय मिळाला, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि हाताला मिळेल त्या कामातून या माणसांनी बाजारपेठ उभी केली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद इथे सिंधी माणूसच सर्वांत आधी सांगतो. गेमची यंत्रे मुंबईच्या मनीष मार्केटातून आणि लॅमिंग्टन रोडवरून येत आणि आमच्या बाजारात घासाघीस करून मिळत.

मी १९९६ मध्ये दवाखाना थाटला, तेव्हा या यंत्राचा भर जोरात होता. दवाखान्यापासून तीन गाळे सोडून एका सद्गृहस्थांचे दुरुस्तीचे दुकान होते. बाहेरच्या बाजूस दोन टीव्ही मांडून ते तासाच्या हिशेबाने मुलांना खेळू देत आणि आत बसून बिघडलेले अडॅप्टर, जॉयस्टिक, कॅसेटी दुरुस्त करत. कॅसेट हा शब्द आमच्याकडे सरसकट रूढ होता. जिच्यावर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असे, तिच्यात प्रत्यक्ष खेळ दहा-वीसच. तेच ते पुन्हा नव्या नावाने येत. मुलांना ही फसवणूक ठाऊक होती आणि तिचे त्यांना काहीच वाटत नसे.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी त्या काळी ठरावीक होत्या. डाव्या अंगठ्याच्या टोकाला फोड, कारण दिशा बदलण्याची फुलीच्या आकाराची कळ त्याच अंगठ्याने दाबावी लागे. क्वचित अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला वेदना. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात एका पस्तीस वर्षांच्या महिलेची हकिगत प्रसिद्ध झाली होती. मुलाचे यंत्र हाती घेऊन ती सलग पाच तास खेळली आणि तिच्या अंगठ्याची कंडरा दुखावली. वैद्याने त्या दुखण्याला गमतीने ‘निन्टेंडिनायटिस’ असे नाव दिले. दुखणे नवे नव्हते, निमित्त नवे होते. अंगठ्याच्या कंडरांभोवतीच्या आवरणाला येणारी सूज स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द क्वेर्वाँ यांनी १८९५ मध्येच वर्णन केली होती. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवल्यास कळ उठते, ही तिची सोपी खूण. आज ती मला तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांमध्ये आणि भ्रमणध्वनीवर अंगठा फिरवणाऱ्या तरुणांमध्ये दिसते. विश्रांती, काही आठवडे पट्टी आणि गरज पडल्यास औषध एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

दुसरी तक्रार पालकांच्या मनातली होती: फिट येईल का? १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टून मालिकेतील लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा ती बातमी आपल्याकडेही पोहोचली. प्रकाशाच्या जलद उघडझापीने काही थोड्या मुलांना खरोखरच फिट येऊ शकते. पण अशी संवेदनशीलता असणारी मुले फार थोडी. ज्या मुलाला पूर्वी फिट आलेली आहे, त्याच्या बाबतीत वैद्याचा सल्ला घ्यावा, उजेड असलेल्या खोलीत आणि पडद्यापासून दूर बसवावे. इतरांनी या भीतीने झोप उडवून घेऊ नये.

एक गोष्ट मला आजही मौजेची वाटते. खेळ सुरू झाला नाही, की मुले कॅसेट काढून तिच्या तोंडात जोरात फुंकर मारत आणि पुन्हा बसवत. खेळ चालू होई. जपानपासून उल्हासनगरपर्यंत कोणीही न शिकवता मुले हेच करत होती. वास्तविक फुंकरीतील ओलाव्याने आतले धातूचे दात गंजतात. कंपनीनेच तसे करू नका असे बजावले होते. गुण यायचा तो फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. दातांचा संपर्क नव्याने जुळत असे. साध्या सर्दीतापात ‘सलाईन लावल्यावरच बरे वाटते’ असे सांगणारे रुग्ण भेटतात, तेव्हा मला ही फुंकर आठवते. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरणारच असतो.

दुरुस्तीच्या दुकानातल्या त्या गृहस्थांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या साऱ्या खेळात सर्वांत गंभीर आजार त्यांना झाला. त्यांना सुका खोकला आणि संध्याकाळी दम लागू लागला. विडी-सिगारेट नाही, घरात कोणाला दमा नाही. बाजार बंद असतो त्या दिवशी कसे वाटते, असे मी विचारले. ‘त्या दिवशी बरा असतो, गावी गेलो की अगदीच बरा,’ असे ते म्हणाले, आणि निदान तिथेच अर्धे झाले. डाग देण्याच्या कथलाच्या तारेत राळ असते. तापल्यावर तिचा जो धूर निघतो, त्याने वर्षानुवर्षे तोच श्वासात घेणाऱ्या काहींना दमा होतो. व्यावसायिक दम्याचे हे परिचित कारण आहे. दुकानात टेबलपंखा होता, पण तो त्यांच्या पाठीमागून वारा सोडून धूर भिंतीवर आपटवीत असे आणि तो फिरून त्यांच्याच नाकात जाई. पंख्याची जागा बदलून, धूर बाहेर ओढणारा पंखा टेबलालगत भिंतीत बसवून आणि श्वासावाटे घेण्याचे औषध नियमित चालू करून त्यांना पुष्कळ उतार पडला. असा धूर ज्यांच्या घरात किंवा गाळ्यात निघतो, त्यांनी सुट्टीच्या दिवशीचा आपला खोकला जरूर मोजून पाहावा.

त्यांच्या धंद्याला उतार पडला तो वेगळ्या कारणाने. सुरुवातीच्या यंत्रांत वेगवेगळ्या चिपा असत. एखादी बिघडली तर बदलता येई. पुढे स्वस्ताईच्या नादात सगळे यंत्र एकाच चिपेत कोंबले गेले आणि तिच्यावर काळ्या राळेचा थेंब ओतून ती कायमची बंद करण्यात आली. ‘याला उघडायचे कुठून, मॅडम?’ असे म्हणत त्यांनी एकदा ती पाटी माझ्यासमोर धरली होती. बिघडलेले यंत्र आता दुरुस्तीला येईना, कचऱ्यात जाऊ लागले. जपानमध्ये १९९४ साली आलेल्या प्लेस्टेशनने दर्जा बदलला होता; आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे उघडले आणि थोरली मुले तिकडे वळली. २००३ च्या सप्टेंबरात निन्टेंडोने जपानमध्येही मूळ यंत्राचे उत्पादन थांबवले. मग घराघरांतले जाड काचेचे टीव्ही गेले. बदके मारण्याच्या खेळातली ती बंदूक त्यांच्याबरोबरच निकामी झाली. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो टिपत असे. चपट्या पडद्यावर चित्र उमटण्यास जो सूक्ष्म विलंब लागतो, तेवढ्याने तिचा नेम कायमचा चुकला. त्या गृहस्थांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरे आणि काचा विकल्या जातात. ते स्वतः निवृत्त आहेत आणि फवारा वेळेवर घेतात.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येते. तेव्हाची मुले आजच्या मुलांपेक्षा अधिक शहाणी होती, असे मला मुळीच वाटत नाही. तीही जेवण विसरत, अभ्यास टाळत, हरल्यावर आदळआपट करत. फरक मुलांत नव्हता. ते यंत्रच जागोजागी अडत होते. घरात टीव्ही एकच असे आणि तो बाहेरच्या खोलीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत. गेम जोडायचा तर केबलची वायर काढावी लागे, म्हणजे आईच्या मालिकेची आणि आजोबांच्या बातम्यांची वेळ झाली की खेळ आपोआप संपे. जॉयस्टिकची वायर आखूड, त्यामुळे अंथरुणात घेऊन खेळणे शक्य नव्हते. बहुतेक खेळांत प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. यंत्र बंद केले की सारे पहिल्यापासून. ‘काँट्रा’मध्ये तीसच्या तीस जीव मिळवण्याची क्लृप्ती पाठ असलेला मुलगादेखील कधी तरी मरतच असे, आणि तो मेला की हातातली जॉयस्टिक भावाकडे किंवा शेजारच्या मुलाकडे जाई. वाट पाहणे हा त्या खेळाचा निम्मा भाग होता. शिवाय भारनियमनाचे तास असत.

आणि या सर्वांवर मात करणारी एक धमकी होती: ‘बंद कर, नाही तर पिक्चर ट्यूब उडेल!’ अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापत असे, त्यामुळे मुलांना ती खरी वाटे. अर्धा तास खेळ झाला, की यंत्राला ‘आराम’ द्यायचा, अडॅप्टर गार होईपर्यंत खाली जाऊन यायचे, हा बराकींत आणि चाळींत अलिखित नियम होता. गेममुळे पिक्चर ट्यूब उडाल्याचे मी तरी पाहिले नाही. स्थिर चित्र दीर्घकाळ राहिल्यास काचेवर त्याचा डाग उरतो, एवढेच खरे. परंतु चुकीच्या निदानावर दिलेले ते औषध डोळ्यांना, मानेला, अंगठ्याला आणि मनाला अगदी योग्य मात्रेत लागू पडत होते. त्या वडिलांना मी हेच सांगते: तुमचे बिघडले नाही, कारण अडॅप्टर तापत होता.

आजचे खेळण्याचे यंत्र तापत नाही. तापले तरी थांबत नाही. ते खिशात मावते, अंथरुणात येते, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरले जाते. पूर्वीचा टीव्ही निदान पाच-सहा फुटांवर असे. खेळ कधी संपत नाही. उलट तुम्ही नसलात तर सवंगडी पुढे जातील, आजचे बक्षीस बुडेल, असा धाक तो घालतो. जुन्या खेळाने कॅसेटचे पैसे एकदाच घेतलेले असत, मग तुम्ही दहा मिनिटे खेळा की दहा तास. फुकट मिळणाऱ्या खेळाचा धंदाच तुमच्या वेळावर चालतो.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. डोकेदुखी, वर्गात डुलक्या, चिडचिड. रक्त तपासले, डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर थोडा वाढलेला, बाकी ठीक. झोपेविषयी विचारल्यावर तो गप्प झाला. आईला बाहेर थांबायला सांगितले, तेव्हा कळले की मित्रांसोबतचा संघाचा सामना रात्री अकरानंतर रंगतो आणि तो अडीचपर्यंत जागा असतो. सकाळी साडेसहाला उठायचे. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. याला चार मिळत होती. वडील आले, ते आपला तो ठरलेला प्रश्न घेऊन. आईच्या मनात दुसरे टोक होते: ‘मॅडम, याला व्यसनच लागलेय ना? मोबाइल फोडूनच टाकते.’

व्यसन हा शब्द मी जपून वापरते. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात २०१९ मध्ये समाविष्ट केला आणि १ जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण अमलात आले. पण त्याच्या कसोट्या कडक आहेत. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम देणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण बारा महिने चाललेले असणे. ज्या मुलाने शाळा सोडली, मित्र सोडले, अंघोळ-जेवण सोडले, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्यास मी एक दिवसही थांबत नाही. हा मुलगा कबड्डी खेळत होता, मित्रांत हसत होता. त्याला हवी होती झोप.

मोबाइल फोडण्यास मी विरोध केला. काढून घेतलेला फोन दुसऱ्याच्या घरी सापडतो आणि मुलगा खोटे बोलायला शिकतो. त्याऐवजी तापणारा अडॅप्टर पुन्हा घरात आणायचे ठरले. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघराच्या ओट्याजवळच्या प्लगला लागतील. सगळे, म्हणजे वडिलांचाही. ‘अर्धा तास’ असा हिशेब करायचा नाही, कारण संघाचा सामना मध्येच सोडला तर मित्र शिव्या घालतात. सामने मोजायचे, संध्याकाळी दोन. खेळायचे ते बाहेरच्या खोलीत. आणि रोज दिवसाउजेडी घराबाहेर दीड-दोन तास, कारण उघड्यावरचा उजेड मुलांच्या डोळ्यांचा नंबर वाढण्यास आळा घालतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. आमच्या कॅम्पात मोकळे मैदान शोधणे हे औषध शोधण्याहून कठीण, पण कबड्डी होतीच. झोपेची वेळ रोज वहीत लिहायची, मुलाची आणि वडिलांचीही.

दीड महिन्याने वही आली. मुलाच्या रकान्यात सुरुवातीला दीड, एक, पुन्हा दोन, मग हळूहळू साडेबारा आणि शेवटच्या आठवड्यात सवाअकरा. डोकेदुखी आठवड्यातून एकदाच. वडिलांच्या रकान्यात पहिल्या पानावर १.१० होते आणि शेवटच्या पानावरही १.१०. त्यांना मी पुढच्या वेळी एकट्याला बोलावले आहे.